वयाचा दाखला

"छाती फुगव," हवालदार म्हणाला. रामहरीने श्वास कोंडून धरला. माप बरोबर भरले. दाखल्यावर सतरा पूर्ण होते.

तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून वेणीमाधव गुरुजी आत आले. त्यांच्यामागून रामहरीची आई, दगडाबाई. माढ्याहून पहिली एस.टी. धरून दोघे सोलापुरात उतरले होते. एकाहत्तर साल होते. लढाई पेटणार असे सगळेच म्हणत होते, आणि भरतीची रांग फाटकापर्यंत आली होती.

"आये, तू हितं कशाला आलीस? पोरं हसत्यात की!"

"हसू देत. पंधराचा हायस तू. अजून भाकरीवर साखर लागती तुला."

रांग खरेच हसली. टेबलामागे बसलेले भरतीचे सुभेदार हसले नाहीत. "बाई, शाळेचा शिक्का आहे यावर."

"लिवलं कुनी? ह्ये बगा, ह्येंनीच. इचारा."

गुरुजींनी वाटेत चार वाक्ये जुळवली होती. एकही आठवेना. "साहेब, शाळा नवीन होती. पट भरला नाही तर ती बंद होणार होती. मी घरोघर फिरून मुलं गोळा केली. हा चार वर्षांचा होता. मी सहा लिहिले."

"लेखी द्याल? नोकरीवर येईल तुमच्या."

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. गुरुजींनी खिशातले पेन काढले.

रामहरीच्या डोळ्यांत रागाने पाणी आले. "गुरुजी, देशासाठी लढायचं, ह्ये तुमीच शिकवलं की!"

"शिकवलं," गुरुजी हळूच म्हणाले. "मोठं झाल्यावर, एवढं सांगायचं राहिलं."

त्यांनी लिहून सही केली. सुभेदारांनी कागद दोनदा वाचला.

"खरी तारीख माहीत नव्हती, असं लिहिलंय. मग दाखल्यावरची ही कुठून आणलीत?"

"एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून. सगळ्याच मुलांची तीच लिहायचो."

"सगळ्यांची?"

"मी एकटाच नाही, साहेब. आमच्याकडे सगळेच गुरुजी तीच लिहितात."

खुर्ची मागे सारून सुभेदार उठले आणि रांगेसमोर जाऊन उभे राहिले.

"ज्यांच्या दाखल्यावर एक जून आहे, त्यांनी रांगेतून बाहेर यावं."

मैदानभर पावले वाजली. धूळ खाली बसली तेव्हा रांगेत चौघे उरले होते.