पहिली ओटी

“बांगड्या काढा आणि कामाला लागा, नाहीतर घरी बसा,” चौकशी अधिकारी म्हणाले.

“मागच्या खेपेला ड्यूटीसाठी काढल्या साहेब, आणि मूल पोटातच गेलं. आता बाळंत होईपर्यंत नाही काढणार. हवं तर झाडू मारायचं काम द्या.”

औषधी गोळ्यांच्या पॅकिंगमध्ये काच चालत नाही आणि प्रणितानं हातमोज्यांखाली चोरओटीच्या हिरव्या बांगड्या घातल्या होत्या. निनावी तक्रार तिच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्या मंदाकिनीनंच केली होती. लग्नाला चौदा वर्षं होऊनही तिचे हात तसे कुणी भरले नव्हते. ती किणकिण तिला दिवसभर सोसवत नव्हती. आता साक्षीला बोलावल्यावर ती एवढंच म्हणाली, “हो, आवाज यायचा.”

दुपारी प्रणिताला कामावरून काढलं. गेटपाशी तिनं मंदाकिनीला गाठलं.

“तुम्ही तरी खोटं कसं बोलणार, ताई? पण माझ्या डोहाळजेवणाला यायचं. पहिली ओटी तुम्हीच भरायची.”

“मी? सासूबाईंना विचारलंस का?”

“विचारलं ना. नको म्हणाल्या. लेकुरवाळीनं भरावी म्हणे. मी म्हटलं, ओटी माझी आहे, मंदाताईच भरतील.”

मंदाकिनी ‘येते’ म्हणाली. कालपर्यंत तिला त्या बांगड्यांचा हेवा वाटत होता. प्रणिताची रिक्षा दिसेनाशी झाली, तेव्हा असं बोलावू शकणाऱ्या बाईचाच वाटू लागला.