फोड सुकेपर्यंत

"ठमे, दार उघड! रॉकेटात बसायला घाबरली नाहीस, आणि आईला घाबरतेस होय?"

आत सुनेत्रानं कडी घट्ट धरली. अंतराळातून परतल्यापासून डॉक्टरांनी तिला कुणाला भेटू दिलं नव्हतं. तिकडे तरंगताना शरीरातल्या पहारेकरी पेशी म्हणे सुस्तावतात. आज कुठे भेटीची परवानगी मिळाली, तर सकाळीच कमरेवर नागिणीचे फोड उठले. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू इतकी वर्षं अंगात गुपचूप निजला होता. पहारा ढिला पडलेला पाहून त्यानं बरोबर मुहूर्त साधला.

बाहेरच्या आईला तर पहाराच उरला नव्हता. कॅन्सरनं सुरुवात केली होती, केमोनं उरलंसुरलं संपवलं.

"आई, तुला कांजिण्या कधी आल्याच नाहीत. हे तुला लागलं तर तू वाचणार नाहीस."

"मला नको शिकवूस. तुला कांजिण्या आल्या तेव्हाही तुझ्या आजीनं मला खोलीबाहेरच ठेवलं होतं. तू आत हाका मारत होतीस. तेव्हा सासूचं ऐकलं. आता कुणाचं ऐकू?"

"माझं ऐक ना गं."

दाराला पाठ टेकून आई बाहेरच खाली बसल्याचं सुनेत्राला ऐकू आलं.

"फोड कधी सुकतात हे?"

"एरवी दहा-बारा दिवसांत. मला महिनाभर लागेल म्हणतात."

आईच्या डॉक्टरांनी महिन्याचा शब्द दिला नव्हता. दोघींनाही ते ठाऊक होतं.

"बरं," हळदीकुंकवाचं आमंत्रण घ्यावं तशा सुरात आई म्हणाली, "थांबायला जमतंय का बघते."