दोन चमचे दूध

गाईनं आधी शेपटी मारली, मग लाथ. चरवी गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आपटली. रिकामीच होती.

अंकिता उठली. मॅक्सीवरून तिनं सासूचं हिरवं लुगडं गुंडाळलं होतं. त्याचा पदर तिनं नाकाशी नेला, हुंगला, आणि दारात पोराला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या नणंदेकडे बघितलं.

"ताई, हे कुणी धुतलं?"

"मी," क्रांती म्हणाली. "काल आल्या आल्या. शेणानं बरबटून खुंटीला लटकत होतं. माझ्या आईचं लुगडं आहे ते वहिनी, पोतेरं नाही."

"साबण लावला?"

"दोनदा."

"लय झ्याक केलंत. आता तुमीच बसा धार काढायला."

शिवतेज अंगठा चोखत होता. तेरा महिन्यांचा. दीड महिन्यापूर्वी आई गेली, त्या आठवड्यात क्रांतीचं दूध आटलं, तेव्हापासून तो पेजेवर होता आणि कडेवर हलका लागत होता. पावडरचं दूध तो थुंकून टाकायचा. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी गाईचं दूध सुरू करायला सांगितलं होतं, पण जपून. त्याच्या वडिलांना लहानपणी दुधानं अंगभर गांधी उठायच्या. उकळून गार केलेले दोन चमचे, सकाळच्या वेळी, सोबत दुसरं नवीन काही नाही. मग दोन तास नजर. असे तीन दिवस. ते दूध आईच्या गाईचंच द्यायचं, हे मात्र क्रांतीनं स्वतःच ठरवलं होतं.

"डेअरीवर पिशवी मिळती," अंकिता म्हणाली.

"मला पिशवीचं नको. आणि आईची वस्तू वापरायला तुम्हाला दीड महिना थांबता आलं नाही?"

"मला हौस न्हवती. खिलार हाय ही. आत्याबाईंबिगार कुणाला कासंला हात लावू देत न्हाई. त्या अंथरुणाला खिळल्या, तवा त्यांनीच अंगावरचं काढून दिलं मला. म्हणल्या, हे धुवायचं न्हाई. हे नेसून बसायचं. गाय आटली तर क्रांतीचं पोरगं काय पिणार?"

क्रांतीनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मला कुणी सांगितलं नाही हे."

"इचारलं कवा? फोन आला की 'आईकडं दे', एवढंच."

अंकितानं लुगडं सोडलं आणि दावणीवर टाकलं. वासराला मोकळं केलं. वासरू लुचायला लागलं, तशी ती शेजारी उकिडवी बसली आणि त्याच्या मानेखालून हात घातला. एक लाथ तिच्या मांडीवर बसली. ती हलली नाही. वाटीचा तळ झाकेल एवढं दूध आलं.

"धरा. व्हतील दोन चमचे."

क्रांतीनं ते पळीत उकळलं, गार केलं. पहिल्या चमच्याला शिवतेजनं तोंड वाकडं केलं. दुसरा गिळला. तिसऱ्यासाठी त्यानं आ केला.

"बास," क्रांती म्हणाली. त्यानं भोकाड पसरलं.

"द्या की. हाय अजून चमचाभर."

"डॉक्टरांनी दोनच सांगितलेत."

"डॉक्टर उपाशी न्हाई. पोरगं हाय."

क्रांतीनं उरलेलं दूध मांजराच्या थाळीत ओतलं. अंकितानं ते बघितलं आणि भाजलेल्या शेंगांची पाटी घेऊन ती सोप्यात बसली. क्रांती समोरच्या भिंतीला टेकली. मध्ये गोधडीवर शिवतेज. दर पाच मिनिटांनी क्रांती त्याचं झबलं वर करून पोट बघत होती, पाठ बघत होती, कानामागं बघत होती. अंकिता शेंगा फोडत होती.

साडेआठला त्याच्या हनुवटीवर लाल ठिपका दिसला.

"वहिनी!"

अंकिता पाटी टाकून पुढं आली. तिनं नखानं ठिपका उचलला. शेंगदाण्याची साल होती.

"दुसरं काही द्यायचं नाही म्हटलं होतं मी!"

"दिलं न्हाई. उडालं."

"मग लांब बसा ना."

"माझं घर हाय हे." पण ती पाटी घेऊन उंबऱ्यापलीकडं जाऊन बसली.

दहा वाजले. पोट स्वच्छ, पाठ स्वच्छ. शिवतेज गोधडीचा कोपरा तोंडात धरून झोपी गेला. क्रांतीनं वाकून त्याचा श्वास ऐकला, पुन्हा ऐकला.

"काही उठलं नाही," ती म्हणाली.

"आजचं झालं. उद्या काय पाजणार? दुसऱ्या खेपंला वासराच्या आडून जमत न्हाई. लय हुशार हाय ती."

संध्याकाळी क्रांती गोठ्यात गेली. दावणीवरून तिनं लुगडं उचललं.

"ऱ्हाऊ द्या ते," दारातून अंकिता म्हणाली. शिवतेज तिच्या कडेवर होता. "त्यात आता काय न्हाई."

क्रांतीनं लुगड्याची घडी केली. ती नीट जमली नाही. मग ती गाईजवळ उकिडवी बसली आणि तिनं कासेला हात लावला. गाईच्या कातडीवरून शहारा गेला. क्रांतीचा हात आपोआप मागं आला.

"मागं घेऊ नका," अंकिता म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती. "लुगडं नेसूनबी मी अकरा लाथा खाल्ल्या."

क्रांतीनं हात परत ठेवला. गाईनं मागचा पाय उचलला.