नात्यातला कोच

शिवकांताबाईंचा केदारनाथ चौसाळ्यात दुकानावरच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर पोकरच्या स्पर्धा खेळायचा आणि दर वेळी मधेच बाद व्हायचा. पोरगं कोच हुडकायला लागलं, तशी बाईंनी सोयरीक जुळवावी तशी चौकशी मांडली. गाव कोणतं, घराणं कोणतं?

"परक्याच्या हाती आपली नाडी कशापायी द्यायची?" म्हणत त्यांनी आपल्या मावसभावाचा पोकर शिकवणारा पोरगा शिवशंकर पसंत केला. दोन महिने केदारनाथनं त्याच्यापुढं आपला एकेक डाव उघडा करून ठेवला.

यंदा गडी शेवटच्या दोघांत पोचला. जिंकणारा गोव्याच्या मोठ्या सामन्याला जाणार होता. पण केदारनाथनं नुसती हूल दिली की टोपणनावानं खेळणारा समोरचा भिडायचा, आणि खरे पत्ते आले की गुमान माघार घ्यायचा. केदारनाथ हरला.

सकाळी धाकटी जाऊ वनमाला पेढे घेऊन दारात. "अक्का, काल आमचा रवि जिंकला. गोव्याला चाललाय! तुमच्याच शिवशंकरकडं आठ दिवस शिकला."

"आठ दिवसांत असं काय शिकवलं गं त्यानं?"



"लई काय न्हाई. केदारनाथ कसा खेळतो, एवढंच."