नवी फरशी

पोरगी बघायला पाहुणे येणार, म्हणून सयाजीरावांनी रहाटणीतल्या घराला नवी फरशी बसवली, किचन बदललं, वर पीओपीसुद्धा करून घेतलं. सगळा खर्च पोरीच्याच क्रेडिट कार्डावर, बिनव्याजी हप्त्यांत. "घर बघूनच माणसं ठरवतात गं," ते म्हणाले. चाकणच्या कंपनीत शिफ्टवर राबणाऱ्या करिष्माने दातओठ खात कार्ड काढून दिलं.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी चहा पिता पिता वरचं पीओपी न्याहाळलं, फरशीवरून पाय फिरवला आणि खूश झाले.

"झकास चाललंय की तुमचं, सयाजीराव! मग लग्न रावेतच्या लॉनवर दणक्यात होऊ द्या. जावयाला गाडीही द्यालच. आणि एक आधीच सांगतो, लग्नानंतर पोरीचा पगार आमच्या घरात आला पाहिजे."

सयाजीराव मान डोलवणार, तेवढ्यात करिष्माने पोह्यांचा ट्रे टीपॉयवर दाणकन आदळला.

 

"पगार येईल की! पण तुम्ही पाय ठेवलेल्या या फरशीचे हप्ते त्याच पगारातून जातात, तेही सोबत येतील. घाबरू नका, व्याज नाही!"