बाकीचे सहा दिवस

दिंडोशीच्या वसाहतीला तीस वर्षं पोट धरून हसायला लावणारे नकलाकार तातू मेस्त्री गेले आणि शोकसभा ठेवली नेमकी सोमवारी. त्यांच्या पत्नी विमलवहिनींचं सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन. नवऱ्याच्या विनोदांनीही ते कधी मोडलं नव्हतं. मंडळाच्या सुयोगने माइक घेतला. "तातूंचा तो फेमस जोक! माझी बायको सोमवारी मौन पाळते, बाकीचे सहा दिवस बडबडते!" कुणी हसलं नाही. "उपास करते, असं होतं रे!" मागून विकी ओरडला. सभा गार पडली. तातू दुसऱ्यांदा मरतात की काय! वहिनींना राहवेना. जपमाळ ठेवून त्यांनी माइक ओढला. "'बाकीचे सहा दिवस मी पाळतो,' असं म्हणायचे हे, मेल्यांनो!" हशाने पत्रे हादरले. "वहिनी, आज सोमवार ना?" सुयोग पुटपुटला. "हो रे. आता घरात सातही दिवस मौनच आहे. एक मोडलं तर देव चालवून घेईल."