बरोबरीसाठी एक पेनल्टी

भट्टीच्या मुकादमाने चेंडू बटणच्या पोटात कोंबला आणि म्हणाला, "घाल आत. एवढंच काम आहे."

"मुकादम, मी जन्मात खऱ्या चेंडूला लाथ मारलेली नाही."

"टीव्हीवर एकशे ब्याण्णव गोल मारलेस ना? झालं तर मग. तिथे अंगठा, इथे पाय. फक्त अवयव बदललाय."

बटणला नाव होतं, पण बिस्किटांच्या त्या कारखान्यात ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. व्हिडिओ गेमवर एकही पेनल्टी न चुकवणारा म्हणून तो बटण. आज कारखान्यामागच्या मैदानात भट्टी विभाग आणि पॅकिंग विभाग चार-चार गोलांवर अडले होते. पॅकिंगच्या पाचही किका मारून झाल्या होत्या. भट्टीची एक उरली होती.

जिंकेल त्या विभागाला वर्षभर दिवसपाळी, हरेल त्याला रातपाळी, ही अकरा वर्षांची रीत. साहेबांना पाळ्यांच्या याद्या करायचा कंटाळा होता. आणि बरोबरी झालीच, तर दोन्ही विभाग निम्मे निम्मे करून दोन्ही पाळ्यांत वाटायचे, त्यात नवरा-बायकोंना एकाच पाळीत टाकायचं, असं नोटीस बोर्डावर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. बरोबरी कधीच झाली नव्हती, त्यामुळे ती ओळ कुणी वाचत नसे. बटणने वाचली होती. पाठ केली होती.

कारण समोर गोलात, भट्टीवाल्यांकडूनच उसने आणलेले जाडजूड हातमोजे घालून, पॅकिंगची गोलकीपर म्हणून त्याची बायको उभी होती.

लग्नाला आठ महिने झाले होते. गेल्या वर्षी भट्टी हरली, म्हणून तो रातपाळीला. पॅकिंग जिंकलं, म्हणून ती दिवसपाळीला. भेट व्हायची ती कारखान्याच्या फाटकात, एक आत जाताना आणि एक बाहेर येताना. घराची किल्ली, दुधाचा निरोप आणि एक हसू, एवढा संसार तिथे उरकायचा. उरलेला व्हिडिओ गेमवर चालायचा. कामावर निघताना तो पेनल्टी कुठे मारायची ते बटण दाबून ठेवायचा आणि गेम तसाच सोडायचा. ती घरी आली की गोलकीपरला झेप घ्यायला लावायची, मग आपली किक त्याच्यासाठी ठेवून द्यायची. दिवसाला एकेक. ती रोज डाव्या हातालाच झेप घ्यायची. तो रोज दुसऱ्या बाजूला मारायचा. त्याचे एकशे ब्याण्णव गोल हे असे झाले होते, पण हे मुकादमाला सांगायची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

आज मात्र त्याला चुकायचं होतं. सरळ बाहेर मारली तर मुकादम भट्टीत घालणार, दोन्ही बाजूंनी भाजणार. म्हणजे चेंडू अडवला गेला पाहिजे, तोही सन्मानाने. तिच्या डाव्या हाताला मारायचा. ती झेप घेणार, बरोबरी होणार, आणि सोमवारपासून दोघं एका बसने येणार, एका बसने जाणार. बायको जेवताना कशी दिसते, हे त्याला अजून नीट माहीत नव्हतं.

"वहिनी, नवरा म्हणून गय करू नका!" पॅकिंगच्या बाजूने कुणीतरी ओरडलं.

"बटण, जपून रे! रात्री त्याच घरी जायचंय!"

"रात्री कुठला जातोय घरी, रातपाळी आहे त्याची!"

बटणने बायकोकडे पाहिलं आणि तिच्या डाव्या बाजूला डोळ्यांनी खूण केली. तिने मान डोलावली. त्याचा जीव भांड्यात पडला.

त्याने धावत जाऊन लाथ घातली. अंगठ्यातून कळ थेट मस्तकात गेली. टीव्हीवर असं कधी होत नसे. चेंडू गेला मात्र बरोबर तिच्या डाव्या हाताला, पेन्शन आणायला निघालेल्या आजोबांच्या चालीने. झेप कसली, पदर सावरून, वाकून, पुसून उचलता आला असता.

ती जागची हलली नाही.

चेंडू हळू झाला. आणखी हळू झाला. रेघेच्या वीतभर अलीकडे तो विचारात पडला. पंच म्हणून उभा असलेला वॉचमन तोंडात शिट्टी धरून खाली वाकला. "थांबला की संपलं बरं का," त्याने शिट्टीच्या कडेने जाहीर केलं.

बायकोने एकदा चेंडूकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग ती दोन पावलं गेली, उचलायला वाकल्यासारखी वाकली, आणि टाचेने चेंडू आत ढकलला.

मुकादमाने बटणला खांद्यावर घेतलं. पॅकिंगच्या बायकांनी त्याच्या बायकोला घेरलं. "डोळे फुटले होते का गं?" "पाय घसरला हो," ती म्हणत होती. घसरलेल्या माणसाचा चेहरा इतका शांत नसतो.

खांद्यावरून उतरायला मिळताच बटण लंगडत तिच्याकडे गेला.

"अगं, बरोबरी होत होती! एका पाळीत आलो असतो आपण. शेवटची ओळ वाचली नाहीस तू?"

"वाचली ना. म्हणूनच तर ढकलला. आता तुम्ही दिवसपाळीला, मी रातपाळीला."

"पण का?"

तिने हातमोजे काढले आणि त्याच्या कपाळावरचा घाम मायेने पुसला.

"अहो, माझ्या तिन्ही बहिणींचे नवरे रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर घरी असतात. मी बघते ना त्यांचे हाल. इतका चांगला नवरा लाभलाय मला, त्याला रोज समोर बसवून बिघडवू होय?"